तांड्याच्या फेऱ्याचं कारण

तमाम जनतेस, त्यातही दारव्हा तालुक्यातल्या बसने जाणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या आणि बस सुटल्यावर तिच्यामागे धावणाऱ्या जनतेस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, तांड्यातल्या कडुलिंबाला आपली दुपारची बस रोज जो वळसा घालते, त्या वळशाला काहीही कारण नाही, असं वरच्या लोकांच्या ध्यानात आलेलं आहे.

ही घोषणा माझी नव्हे, आमच्या बसच्या कंडक्टरची. तिकिटाचं मशीन पोटाशी धरून, दांड्याला रेलून त्याने ती केली, आणि ती एवढीच होती: "ऐका वो सगळे! ह्या फेऱ्याचं सुसूत्रीकरण होऊन राह्यलं. पुढच्या शनिवारी साहेब येते पाहाले." जड अंतःकरण वगैरे मी घातलं. एवढ्या मोठ्या बातमीला कंडक्टरचा आवाज पुरत नाही, असं माझं मत आहे, आणि कमी पडेल तिथे आवाज पुरवायला मला फार आवडतं.

पुढच्या सीटवरच्या आजोबांनी काळजीने विचारलं, "ते झालं का माणूस वाचते काय?"

"माणसाले नाही वो बाबा, बसले होते."

"मंग ठीक हाये," आजोबा म्हणाले आणि पुन्हा डुलकीला लागले.

मी गणिताचा मास्तर. राहतो दारव्ह्याला, आणि शाळा आहे बसच्या शेवटच्या थांब्याच्या गावात. रस्ता खरं तर सरळ आहे. पण मध्येच एक फाटा लागतो, आणि तिथे बस सगळी शिस्त सोडून डावीकडे वळते, नाल्यावरून धडधडत जाते, बंजाऱ्यांच्या तांड्यात शिरते, कडुलिंबाला प्रदक्षिणा घालते, ड्रायव्हर तांड्यातल्या कुणाच्या तरी हातचं तांब्याभर पाणी पितो आणि बस पुन्हा फाट्यावर येते. हे का, ते कुणालाच सांगता येत नाही. तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, सांगतात की कधीकाळी एका ड्रायव्हरला होळीचं जेवायला बोलावलं होतं. बस त्याच्यासोबत होती. त्याला पुरणपोळी वाढली, बसला कडुलिंबाची सावली मिळाली, आणि तेव्हापासून बसला सवय लागली. नाईक हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगतात की बैलाला सवय लागते तशी बसला लागत नाही, हे आपणच विसरतो.

त्या शनिवारी माझ्या शेजारी आमच्याच शाळेतले मानसशास्त्राचे सर बसले होते. आमच्या शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे, तिथे ते शिकवतात. सडपातळ, गंभीर माणूस. विनोद सांगितला तर हसायच्या आधी त्यामागचं कारण शोधतात.

"सुसूत्रीकरण म्हणजे इंग्रजीत रॅशनलायझेशन," ते म्हणाले. "आमच्या विषयात याच शब्दाचा अर्थ फार वेगळा आहे. माणूस आधी मनाला येईल ते करतो. मग चारचौघांत शोभेल असं कारण शोधतो. आणि पुढे ते कारण त्याला स्वतःलाच पटतं. आम्ही त्याला समर्थन म्हणतो."

"आमच्याकडे तो शब्द नववीत येतो," मी म्हणालो. "परिमेयीकरण. अपूर्णांकाच्या खालच्या घरात वर्गमूळ आलं की गणितवाल्यांना कसंसंच होतं. मग वर-खाली त्याच मुळाने गुणायचं. खालचं मूळ जातं."

"जातं कुठे?"

"वर."

"म्हणजे अडचण सुटत नाही?"

"छे! फक्त वरच्या मजल्यावर जाते. तिथे ती शोभून दिसते."

"मग आपल्या दोघांचा विषय एकच आहे, सर," ते म्हणाले.

"फरक एवढाच," मी म्हणालो, "माझ्या पुस्तकात उत्तरं शेवटी छापलेली असतात."

मग त्यांनी समाजशास्त्रातला अर्थ सांगितला. तिथे म्हणे जुनी रीत जाऊन तिच्या जागी हिशेबी नियम येतो, त्याला हे नाव आहे. कारखानदारीत याच नावाने माणसं कमी होतात आणि मशीन वाढतं, हे पाठीमागच्या सीटवरून एका जिनिंगमधल्या कामगाराने न विचारता सांगितलं. माझ्या घरी आणखी एक अर्थ चालतो. दिवाळीपूर्वी माझ्या बायकोने स्वयंपाकघराचं सुसूत्रीकरण केलं. त्यात कान तुटलेले माझे तीन कप गेले आणि कान तुटलेला तिचा एक राहिला. विचारलं, तर म्हणाली, "तो माझ्या आईकडचा आहे." एका वाक्यात समर्थन, परिमेयीकरण आणि रीत, तिन्ही आटोपलं. ती बारावीनंतर शिकली नाही. गरज पडली नसावी.

पण हे सगळं बौद्धिक आमच्यापुरतं. त्या बसमध्ये एक बाई बसली होती, जिचा जीव त्या घोषणेने टांगणीला लागला होता, आणि ते तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं.

तिला सगळी बस भाभी म्हणते. वय चाळिशीच्या आत, तांड्यात राहते. नवरा पुण्याकडे ट्रक चालवतो, होळी-दिवाळीला येतो. घरात ही आणि हिची सासू. सासूला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. दोघींचं भांडण नाही, हे आधीच सांगतो. भांडण असतं तर बरं झालं असतं, कारण भांडणात मध्येमध्ये विश्रांती असते. इथे हाका होत्या. पाणी आण. शेळी आत घे. दार लाव. दार काहून लावलं? याडीच्या त्या हाका मी स्वतः ऐकल्या आहेत. बस कडुलिंबाखाली थांबली की इंजिनाच्या आवाजातही त्या ऐकू येत, आणि एकदा तर "अवं, कुठं मेली!" या हाकेला चुकून आमच्या ड्रायव्हरने "आलो!" म्हटलं होतं.

भाभीचा डावा गुडघा दुखत असे. त्याला शेक घ्यायला ती रोज दुपारच्या बसने दारव्ह्याला जाई आणि संध्याकाळी त्याच बसच्या परतीच्या फेरीने तांड्यात येई. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, म्हणून मी त्या बसला असतो. तांड्यात चढताना ती लंगडत चढायची. दारव्ह्याला उतरताना मात्र टुणकन उतरायची. मास्तरांची नजर वाईट असते. एका शनिवारी मी मुद्दाम स्टँडवर रेंगाळलो. शेक नाही, दवाखाना नाही. भाभी स्टँडच्या शेवटच्या बाकावर बसली होती, एका पायातली चप्पल खाली गळलेली, हातात आलूबोंडा, आणि समोरून जाणाऱ्या-येणाऱ्या बसगाड्यांकडे ती अशी पाहत होती, जसं लोक नदीकडे पाहतात.

मला पाहून ती दचकली. मग हसली.

"सर, कोनाले सांगू नका."

"काय सांगू? तुम्ही तर काहीच करत नाही आहात."

"तेच त," ती म्हणाली. "इथं मले कोनी हाक मारत नाही."

एवढंच होतं. दुपारचे दोन घंटे कुणाची हाक नाही. त्यासाठी तिने गुडघा दुखता केला होता, कारण बाकावर नुसतं बसायला जाते असं सांगून कोणत्या घरातली सून बाहेर पडते?

आता घोषणा ऐकल्यावर ती उठून आमच्या सीटपाशी आली.

"सर, बस फाट्यावरच थांबन त मी काय करू?"

"फाट्यापर्यंत चालत यायचं. अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

"चालू कशी? गुडघा दुखते ना माहा!"

मी आवाज खाली आणला. "पण तो दुखत नाही ना."

"दुखत नाही म्हनून चालली, त याडी म्हनन, आता बरा झाला, आता कायले जातं दारव्ह्याले?"

मी थक्क झालो. इतकी वर्षं गणित शिकवतो, पण इतकं चोख कोंडलेलं कोडं मी फळ्यावर कधी मांडलेलं नाही. गुडघा दुखतो म्हणावं तर फाट्यापर्यंत जाता येत नाही, आणि चालत जावं तर दारव्ह्याला जायचं कारण उरत नाही. बाहेर पडायला तिने जे दार केलं होतं, तेच आता बाहेरून बंद होत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाईकांचा फोन आला. आमचे नाईक साठीचे आहेत, डोक्याला रुमाल, आणि मोबाईल कायम स्पीकरवर, त्यामुळे त्यांच्याशी खासगी बोलायचं तर पत्र टाकावं लागेल. "सर, मानसशास्त्रवाल्या सरालेबी घेऊन या. तांडा बसून राह्यला," ते म्हणाले, आणि मागून अख्ख्या तांड्याने "या, या" म्हटलं.

तांड्याची रीत अशी की, गोष्ट एकाची असो की सगळ्यांची, निर्णय कडुलिंबाखाली बसून एकत्र घ्यायचा, आणि एकदा ठरलं की मग सगळ्यांचं तोंड एक. मला ही रीत फार आवडते. आमच्या शिक्षकांच्या सभेत दोघांचंही तोंड एक होत नाही. पण पुढे जे घडलं ते याच रीतीमुळे घडलं.

"साहेब ईन अन् एकेकाले इचारन, कायले जातं म्हनून," नाईक म्हणाले. "आधी खरं खरं सांगा. कोन कायले जाते?"

खरं निघायला लागलं. एकजण केस काळे करायला जात होता. एकाला सुपारी-तंबाखूचा खर्रा हवा असायचा, आणि तांड्यातला चुना त्याला झोंबायचा. एक काका रोज कोर्टाच्या आवारात जाऊन बसत आणि दुसऱ्यांची भांडणं ऐकत. "आपली काही केस नाही," ते म्हणाले, "पन चांगल्या केसा लागते तिथं." भाभीने खाली पाहत "गुडघा" म्हटलं.

मानसशास्त्राचे सर भारावून गेले. "अहो, हेच सांगा साहेबांना! प्रवास ही माणसाच्या मनाची गरज आहे. खोटं समर्थन कशाला?"

नाईकांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "सर, खऱ्या कारनाले बस भेटत नसते. खऱ्या कारनाले सायकल बी भेटत नाही."

"मग सगळ्यात भारी कारण कोणतं?" मी विचारलं. माझ्या अंगात आता वारं शिरलं होतं. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं मी बसवतो, आणि इथे तर नटमंडळी आयती जमली होती.

"दवाखाना," सगळे एका सुरात म्हणाले.

झालं. कडुलिंबाखाली मी आजार वाटायला बसलो. रक्तदाब पहिल्या झटक्यात संपला, कारण त्याला अभिनय लागत नाही. कोर्टवाल्या काकांनी छातीतली धडधड घेतली. मूळव्याध कोणी घेईना. "सर, सभ्य काही द्या," असं खर्ऱ्यावाला म्हणाला. एक दांडगा गडी अडून बसला की मला लकवाच पाहिजे.

"लकवा झालेला माणूस धावत बस पकडत नाही," मी समजावलं.

"मंग अर्धा द्या."

"अर्धा लकवा नसतो रे बाबा."

"आमच्या मामाले होता," तो म्हणाला. मामाचा विषय निघाल्यावर माघार घेण्यात शहाणपण असतं. मी त्याला अर्धा दिला.

नाईकांनी स्वतःसाठी दमा निवडला. "प्रमुखाचा आजार सगळ्याइले आयकू आला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. भाभीला मी विचारलं, काही बदलून हवं का. ती म्हणाली, "माहा गुडघा माह्यापाशीच राहू द्या." याडी लांब आपल्या अंगणात बाजेवर बसून हे सगळं पाहत होती. तिला आम्ही भूमिका दिली नाही. ती कुठे जात नसे.

शनिवारी साहेब आले. तरुण, यवतमाळचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. अतिशय भला माणूस, आणि सगळा घोळ त्या भलेपणामुळेच झाला. शेवटच्या गावापासूनच ते बसमध्ये होते. मी आणि मानसशास्त्राचे सर मागच्या सीटवर बसलो होतो. मी प्रयोगाच्या पहिल्या घंटेची वाट पाहत, आणि सर डोळे मिटून.

बस तांड्यात शिरली, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली. कडुलिंबाखाली अख्खा तांडा उभा होता. कोणाच्या डोक्याला घट्ट फडकं, कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर. अर्धा लकवावाला एक पाय ओढत, पण सगळ्यांच्या आधी चढला. खिडकीतून रुमाल टाकून त्याने सीटही धरली.

साहेब एकेकाला विचारू लागले. "काका, तुम्ही कशासाठी जाता?"

"धडधड होते साहेब."

"कधीपासून?"

"कोर्टात बसलो का." मी खोकलो. काका सावरले. "म्हंजे, कोर्टाजवळच्या दवाखान्यात."

"आणि तुम्ही?"

"ब्लड प्रेशर."

"तुम्ही?"

"ब्लड प्रेशर."

"तुम्हालाही ब्लड प्रेशर?"

"याच्यापासूनच लागलं साहेब," शेजाऱ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

साहेबांचं टॅबवरचं बोट थबकलं. तेवढ्यात नाईक दारातून चढले. दमा असा काही सुरू झाला की ड्रायव्हरने इंजिनाचा आवाज समजून बस बंद केली. साहेबांनी त्यांना आपली सीट दिली. मग त्यांनी सगळ्या बसवरून नजर फिरवली. फडकी, कण्हणं, खोकला. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला, आणि दबल्या आवाजात विचारलं, "तुम्ही सगळे एकाच विहिरीचं पाणी पिता का?"

दमा विसरून नाईक उभे राहिले. छाती पुढे काढून म्हणाले, "हो साहेब! एकच विहीर, एकच मन! तांड्यात फूट नाही आमच्या!"

तिथून दारव्हा येईपर्यंत साहेब ड्रायव्हरच्या बाजूला, काचेला तोंड लावून उभे राहिले. स्टँडवर उतरल्याबरोबर ते कोणाला तरी फोन लावत भराभर निघून गेले. आम्हाला वाटलं, जिंकलो! नाईकांनी सगळ्या पेशंटांना आलूबोंडा खाऊ घातला. भाभी आपल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्या दिवशी तिने दोन्ही चपला खाली टाकल्या होत्या.

सोमवारी मी नववीला परिमेयीकरणच शिकवत होतो. फाटकात जीप थांबली. पाठीमागे आरोग्याचं पथक, पुढे डॉक्टर मॅडम आणि त्यांच्या शेजारी आपले साहेब, तोंडाला मास्क लावून. तांड्याचा रस्ता दाखवायला कोणीतरी हवं होतं. मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुम्हाला तांड्याची फार माहिती आहे म्हणतात," आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.

जीपमध्ये साहेब मला म्हणाले, "सर, मी रात्रभर झोपलो नाही. बसचं सोडा, आधी ती माणसं वाचली पाहिजेत." मी मान हलवली. बोलण्यासारखं माझ्याकडे भरपूर होतं, पण त्यातलं एकही चारचौघांत शोभण्यासारखं नव्हतं.

जीप नाल्यावर आली आणि तांड्यात बातमी पोचली. आम्ही कडुलिंबाखाली उतरलो तेव्हा तिथे कोंबड्या होत्या, शेळ्या होत्या, एक चूल धुमसत होती, आणि माणूस म्हणून कोणी नव्हतं. पलीकडे तुरीचं वावर उभं होतं, माणूसभर उंच. वारा नव्हता, तरी तूर हलत होती.

"गंभीर रुग्ण कुठे आहेत?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. ठसठशीत आवाज, हातात स्टेथोस्कोप.

"वावरात असतील," मी म्हणालो.

"इतके आजारी, आणि वावरात?"

"मोकळी हवा," मी म्हणालो. मानसशास्त्राचे सर तिथे नव्हते, हे माझं नशीब.

तेवढ्यात नाईक सापडले. त्यांना उशीर झाला होता, आणि ते तुरीच्या दिशेने चांगलेच वेगात धावत होते. "अहो, थांबा!" मॅडम ओरडल्या. नाईक थांबले, वळले, त्यांना आपला आजार आठवला आणि ते जागीच धापा टाकू लागले. मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पाठीला लावला, पुन्हा छातीला लावला.

"बाबा, तुमची फुप्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत."

"आज सोमवार ना मॅडम," नाईक म्हणाले. "सोमवारी बरं राह्यते."

तुरीतून कोणीतरी हसलं. बहुतेक अर्धा लकवा असावा.

मॅडम हुशार. त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. विहिरीचं पाणी पाहायला त्यांनी माणसं पाठवली आणि घरोघर फिरायला सुरुवात केली. पहिलंच घर भाभीचं. ती वावरात पळाली नव्हती. पळाली असती तर याडीने पाहिलं असतं, आणि दुखऱ्या गुडघ्याने सून कशी पळते, हा प्रश्न निघाला असता. ती अंगणात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. याडी बाजेवर बसली होती, आणि आम्ही आत शिरताच तिने हाक मारली, "अवं, पानी आन साहेबाइले!" भाभी लंगडत गेली, लंगडत आली.

"काय होतं तुला?" मॅडमनी विचारलं.

"गुडघा."

मॅडमनी तिला ओट्यावर बसवलं. गुडघा दाबला. "इथे दुखतं?"

"दुखते."

"आणि इथे?"

"तिथं बी."

मॅडमनी उजवा गुडघा दाबला. "आणि इथे?"

"दुखते," भाभी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी शेळीकडे पाहिलं.

मॅडमना सगळं कळलं होतं, की काहीच कळलं नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या फार प्रेमाने म्हणाल्या, "हे बघ, घाबरायचं काही नाही. रोज दारव्ह्याला धक्के खात जायची तुला गरजच नाही. आमच्या उपकेंद्रातली ताई रोज दुपारी इथे येईल आणि घरीच शेक देईल. तू फक्त आराम कर. घरातून हलू नकोस."

साहेबांचा चेहरा उजळला. मास्क खाली ओढून ते म्हणाले, "वा! हेच खरं सुसूत्रीकरण. रुग्णाने सेवेकडे जायचं नाही, सेवा रुग्णाकडे आली पाहिजे. बाकीचे पेशंट तर वावरात काम करण्याइतके बरे आहेत. मग या फेऱ्याचीही गरज उरली नाही. बस सरळ गेली तरी चालेल."

किती चांगली माणसं होती ती! दोघांनी मिळून, निव्वळ भलेपणाने, भाभीचा बाक, आलूबोंडा आणि दोन घंटे एका मिनिटात मिटवून टाकले. भाभी "हव" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ओढणीचं टोक बोटावरून सुटलं आणि ती खाली बघत राहिली. नाईक धापा टाकायचे थांबले. तूर हलायची थांबली. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून काही निघेना. खरं सांगावं तर तिचं गुपित याडीसमोर फुटतं, आणि खोटं जेवढं होतं तेवढं आम्ही शनिवारी वापरून टाकलं होतं.

त्या फेऱ्याचं साहेबांनी पुढे टॅबमध्ये काय कारण भरलं, मला माहीत नाही. बस आजही दुपारी फाट्यावरून वळते, नाल्यावरून धडधडत येते आणि कडुलिंबाला वळसा घालते. मी सांगू शकतो ते एवढंच की, त्या शांततेत बाज करकरली, याडी दोन्ही हात टेकून उठली, सुनेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि डॉक्टर मॅडमवर अशी काही ओरडली की वावरातली माणसं सुद्धा माना वर काढून पाहू लागली:

"अवो डॉक्टरीनबाई, तिचा गुडघा बरा नका करू वो! त्याले काही झालं नाही हे मले पयल्या दिवसापासून माहीत हाये, पन ते दुपारची गेली का दोन घंटे मले बी कोनाले हाक मारा लागत नाही!"